डावीकडचा पंजा

पेलिकन पॉइंटला कोणी नवा माणूस राहायला आला की तो कुठल्या चर्चला जातो हे लोक दुसऱ्यांदा विचारतात. आधी विचारतात, डॉमिनो खेळता का. नाही म्हणाला तर बिचाऱ्याला प्यायला पाणी देतात, पण बसायला खुर्ची जरा उशिराच मिळते.

रविवारी चर्च सुटून जेवणं आटोपली की मिस आयोनी पार्चमेंटच्या मासळीच्या टपरीपुढे, बदामाच्या झाडाखाली टेबल पडायचं. टेबल म्हणजे जुन्या होडीची फळी चार पायांवर ठोकलेली. सोंगट्या आपटून आपटून तिला खळगे पडले होते. सोंगटी हळूच ठेवणाऱ्या माणसाकडे इथे संशयाने बघतात. नक्की काहीतरी लपवतोय, असं म्हणतात.

गेली अकरा वर्षं त्या टेबलाच्या चार बाजूंना तीच चार माणसं बसत होती. एक जोडी आयोनी आणि तिचा थोरला भाऊ ओबडाया यांची. त्याला सगळा किनारा मानाने मास ओबी म्हणायचा. दुसरी जोडी एग्बर्ट इबँक्स आणि त्याचा मेहुणा डंकन यांची. जोडीदार समोरासमोर बसतात, म्हणून ओबीची डावी बाजू ती आयोनीची उजवी. डंकन वर्षाकाठी चार-पाच वाक्यं बोलायचा. उरलेलं सगळं बोलणं एग्बर्ट दोघांच्या वतीने उरकायचा.

अकरा वर्षांपूर्वी या बहीण-भावाने त्या दोघांना सिक्स-लव्ह दिला होता. म्हणजे सलग सहा डाव मारून समोरच्यांच्या हातात भोपळा. सेंट एलिझाबेथ परगण्यात कोणाची होडी बुडाली तर लोक वर्षभरात विसरतात, कोणाची बायको पळाली तरी दोन वर्षांत विसरतात. सिक्स-लव्ह मात्र माणसाच्या थडग्यापर्यंत त्याच्यासोबत जातो. ओबीही काही कमी नव्हता. एग्बर्ट रस्त्यात दिसला की हा तोंडाने काही न बोलता एक हात उघडायचा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर करायचा. पाच आणि एक. त्यामुळे टेबल सोडून बाकी कुठेही एग्बर्ट त्याच्याशी बोलत नव्हता. टेबलावर बोलायचा, पण त्याला बोलणं म्हणायचं की मिरच्या फेकणं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मार्चमधल्या एका रविवारी पुन्हा तशीच वेळ आली. पाच डाव झाले, पाचही बहीण-भावाचे. सहावा सुरू होता. बातमी पसरली तशी माणसं जमायला लागली. कोणी अर्धी दाढी करून आला, कोणी हातात भाजलेल्या नीरफणसाची फोड घेऊन आला. एग्बर्टच्या कपाळावर घाम होता आणि तोंड पहिल्यांदाच बंद होतं.

सोंगट्यांच्या रांगेच्या डाव्या टोकाला पंजा उघडा होता, उजव्या टोकाला दुर्री. पाळी ओबीची. या खेळात दोन-दोन आकड्यांच्या अठ्ठावीस सोंगट्या, टोकाच्या आकड्याला तोच आकडा जुळवायचा; प्रत्येकाला सात, बाहेर एकही नाही. ज्याला मोजता येतं त्याला सगळं दिसतं. एग्बर्ट पंजावर पास झाला होता, डंकनही झाला होता, आयोनीच्या हातातले पंजे संपले होते. म्हणजे उरलेला पंजा ओबीकडेच, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ती शेवटची सोंगटी लावली की डाव संपलाच होता. आयोनीने तर मनातल्या मनात आल्याच्या बिअरच्या बाटल्या बर्फात टाकल्या होत्या.

ओबीने टेबलावर बोटांचं पेर ठोकलं. पास.

पुढे काय झालं ते आयोनीला नीट आठवतही नाही. डाव एग्बर्टने मारला. सगळ्यांनी हातातल्या सोंगट्या उलट्या केल्या आणि ओबीच्या हातात होता पंजा-तिर्री. हातात असून पास म्हणणं याहून मोठी बेअब्रू या टेबलावर नव्हती. नियमाप्रमाणे पाचही डाव पुसले गेले. लोक असे गप्प झाले की किनाऱ्यावरचे पेलिकनसुद्धा ऐकू यायला लागले.

"चोरी केलीस की डुलकी लागली, तेवढं सांग," एग्बर्ट म्हणाला. "म्हणजे लोकांना काय सांगायचं ते मला ठरवता येईल."

"ऊन आलं डोळ्यावर," ओबी म्हणाला आणि उठून गेला. उठताना त्याची मांडी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर आपटली.

ओबीच्या बाजूला ऊन नव्हतंच. बदामाची सगळी सावली त्याच्यावर होती. आयोनी मिरची लागलेले हात एप्रनला पुसत राहिली आणि तिच्या डोक्यात एकामागून एक गोष्टी जागच्या जागी बसायला लागल्या. गेल्या महिन्यात डंकनने पुढे केलेला हात ओबीने घेतला नव्हता, आणि डंकन दुखावला होता, पण तो डंकन असल्यामुळे कोणाला कळलं नव्हतं. ओबी हल्ली खेळताना विचारायचा, "काय लावलं रे त्याने, काही ऐकूच आलं नाही, म्हाताऱ्याच्या मनगटात जोर राहिला नाही वाटतं." सगळे हसायचे. आयोनीही हसायची. आता तिला त्या हसण्याची लाज वाटली. तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच हवं होतं ते उत्तर.

ओबीला काचबिंदू होता हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ब्लॅक रिव्हरच्या डॉक्टर बेंटबाईंनी सांगितलं होतं. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, दुखत नाही की खुपत नाही, पण तो नजर कडेकडेने खात येतो. त्यांच्या आईला तोच रोग होता. आई शेवटची सात वर्षं भिंत धरून चालली, आणि ताटात काय वाढलंय ते आयोनी तिला सांगायची. डॉक्टरबाईंनी ओबीला गांजापासून बनवलेले थेंब दिले होते, सकाळ-संध्याकाळ एकेक, आणि तीन महिन्यांनी तपासणी. प्रत्येक तपासणीनंतर ओबी कार्ड नाचवत यायचा. दाब सोळा. दाब पंधरा. पुन्हा सोळा. याहून चांगला आकडा नाही, असं बाई म्हणाल्या म्हणे.

मग पंजा दिसला का नाही?

सोमवारी ओबी जाळी दुरुस्त करायला किनाऱ्यावर गेल्यावर आयोनी त्याच्या घरात शिरली. भिंतीवरच्या घड्याळामागे थेंबांच्या बाटल्या होत्या, ओळीने सहा. सहाच्या सहा सीलबंद. शेजारी मात्र त्यांच्या बापाची जुनी बाटली अर्धी रिकामी होती. पांढऱ्या रममध्ये गांज्याचा पाला आणि मुळं, जमिनीत पुरून मुरवलेली. पेलिकन पॉइंटच्या प्रत्येक जुन्या घरात अशी बाटली सापडते.

तिने सहाही बाटल्या एप्रनमध्ये घेतल्या आणि किनाऱ्यावर जाऊन त्याच्यासमोर वाळूत रांगेने मांडल्या.

ओबी जे म्हणाला ते त्याने मनात बरेच दिवस घोळवलेलं असावं, कारण अडखळला नाही. "आपले वडील, दादा, तरुण होते तेव्हा किंग्स्टनची शिकलेली माणसं याच दगडावर बसून दादांची रम प्यायली. विचारलं, काळोखात खडकांमधून होडी कशी काढता. दादांनी सांगितलं, पाला. त्यांनी वहीत लिहून घेतलं, बाटलीत घातलं आणि वर झाकण लावलं. दादा जे पेल्याने प्यायले ते मी थेंब-थेंब घालू? झाड माझ्या मोरीमागे उभंय, आयोनी. शेजारधर्म म्हणून तरी त्याचंच घ्यायला हवं."

"आणि तपासणीला दाब सोळा येतो तो?"

"येणारच. तपासणीच्या दिवशी पहाटे मोरीमागे बसून एक चांगली मोठी विडी ओढतो. डॉक्टरकडे जायचं म्हणजे अंगाला आंघोळ घालतो ना आपण, मग डोळ्यांना नको?"

आणि ते मशीन, ज्यात डोकं घालून कडेचे दिवे दिसले की बटण दाबायचं, त्याचं काय, असं तिने विचारलं. यावर तो चक्क खूश झाला. म्हणाला, त्या मशीनला ताल आहे. दोन दिवे, थांबा, एक दिवा, थांबा. दुसऱ्याच खेपेला ओळखला. चाळीस वर्षं समोरच्याच्या मनगटावरून त्याच्या हातातल्या सोंगट्या ओळखणाऱ्याला ते काय अवघड. दिवा दिसो न दिसो, हा आपला तालात बटण दाबून मोकळा.

आयोनीला त्याच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही. माणूस लबाडी करत असता तर भांडता आलं असतं. हा तर पाहुण्यांसाठी अंगण झाडावं तितक्या भाबडेपणाने स्वतःचे डोळे घालवत होता.

दवाखान्यातली नर्स पेट्रोना आयोनीच्या चर्चमधली होती. बुधवारच्या प्रार्थनेनंतर आयोनीने तिला गाठून सगळं सांगितलं. पेट्रोना आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग हसायची थांबली. तिने सांगितलं की विडीने दाब उतरतो हे खरं आहे. पण तीन-चार तास. मग पुन्हा चढतो. म्हणजे मास ओबीचे डोळे तीन महिन्यांतून एकदा, तपासणीपुरते, बरे असतात. बाकीचे दिवस ते जळताहेत. आणि जे गेलं ते परत येत नाही.

"नुसतं सांगून ऐकणार नाही तो," आयोनी म्हणाली. "त्याला आकडा दाखवावा लागेल. आकड्याशी तो वाद घालत नाही."

मग त्या दोघींनी जो कट केला तो बॅप्टिस्ट बायकांना शोभणारा नव्हता, पण प्रभू समजून घेईल असं दोघींचं मत पडलं. पुढच्या तपासणीचं कार्ड ओबीकडे आलं त्यावर वेळ होती सकाळी साडेआठ. डॉक्टरबाईंच्या वहीत होती दुपारी दोन.

त्या दिवशी ओबी पहाटे उठला, मोरीमागे बसून त्याने डोळ्यांना आंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि साडेआठला दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसला. पेट्रोना म्हणाली, बाईंना आज उशीर होणार. ओबीने घड्याळ बघितलं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. तो उठून जरा कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणाला. आयोनीने पिशवीत हात घातला आणि डॉमिनोची पेटी बाहेर काढली.

बाकावर एक डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजीबाई होत्या आणि एक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, ज्यांना जवळचं काही दिसत नव्हतं. दोघंही आधी नको-नको म्हणाले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत खुर्च्या ओढून बसले. आजीबाई तर एका डोळ्यावर अशा खेळायला लागल्या की ओबी हरखून गेला. म्हणाला, आई, तुम्ही दोन डोळ्यांनी खेळत होता तेव्हा लोक गाव सोडून जात असतील. आजीबाई म्हणाल्या, नवरा गेला. दवाखाना इतका हसला की आतून कोणीतरी गप्प बसा म्हणून सांगायला आलं आणि तेच डाव बघत उभं राहिलं. आयोनीने पिशवीतून बॅमी, म्हणजे कसाव्याची भाकरी, आणि तळलेला मासा काढला. ओबी खेळत होता, खात होता, टोमणे मारत होता. कोपऱ्यावर जायचं राहूनच गेलं. तो डोकं जरासुद्धा डावीकडे वळवत नव्हता, आणि डाव्या टोकाला काय आहे ते दर वेळी आजीबाईंना गमतीत विचारत होता. आयोनी तेवढं बघत होती.

दोन वाजता हाक आली.

डॉक्टर बेंटबाईंनी एका डोळ्याचा दाब घेतला. मग यंत्र पुसून पुन्हा घेतला. मग दुसऱ्या डोळ्याचा. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "मास ओबी, एकतीस. आणि हा चौतीस."

ओबी म्हणाला, यंत्र बिघडलंय. बाईंनी स्वतःच्या डोळ्याचा घेऊन दाखवला, चौदा. मग त्याने आयोनीकडे बघितलं. आयोनी छताकडे बघत होती, आणि आयोनी छताकडे बघते तेव्हा काय असतं ते त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"तू माझी पार्टनर की यांची?" त्याने विचारलं.

"तुझी," ती म्हणाली. "म्हणून तर. आईला मी सात वर्षं भरवलं, ओबी. तुला नाही भरवणार. तू जेवताना फार बोलतोस."

बोलता बोलता तिला रडू आलं. ती चिडून रडत होती, म्हणून तिने कोणाला रुमाल देऊ दिला नाही.

बाईंनी मग मशीनचे जुने कागद काढले. मशीनने प्रत्येक वेळी खाली लिहिलं होतं की हा माणूस दिवा नसतानाही बटण दाबतो. बाईंना वाटलं होतं, म्हातारा माणूस, घाबरला असेल, पुढच्या वेळी नीट करेल. आपलंही चुकलंच, असं त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी ताल बदलायला लावला आणि ओबीला सांगितलं की दिसलं तरच दाबायचं. तो बराच वेळ आत होता. बटणाचा आवाज फार कमी आला. कागद बाहेर आला त्यावर डावीकडे काळं होतं, उजवीकडे पांढरं.

ओबीने तो कागद हातात धरला. काळं कुठे सुरू होतं तिथे बोट ठेवलं.

मग त्याने विचारलं की बाप काळोखात बघायचा ते खोटं होतं का. बाई म्हणाल्या, खोटं कशाला असेल, पण तुमच्या बापाला हा रोग नव्हता. चांगल्या डोळ्याचं त्यांनी काय केलं ते तुमच्या डोळ्याला लागू नाही. पाल्यात गुण आहे, म्हणून तर थेंब त्याचे केलेत. पण विडी सकाळी उतरवते ते दुपारी चढतं, आणि रात्रंदिवस दाब खाली ठेवायचा तर रात्रंदिवस विडी ओढत बसावं लागेल, मग जाळी कोण विणणार आणि डॉमिनो कोण खेळणार. रमची बाटली डोळ्यासाठी काहीच करत नाही. त्यांनी त्या थेंबांच्या जोडीला आणखी एक थेंब लिहून दिला.

"गेलेलं परत येईल?" ओबीने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "उरलंय ते राहील. बरंच उरलंय. पण एक दिवसही चुकवायचं नाही."

परतीच्या वाटेवर ओबी टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत होता. ओबी पार्चमेंट चौदा मैल गप्प बसला, ही गोष्ट टॅक्सीवाल्याने नंतर अनेकांना सांगितली, पण कोणी विश्वास ठेवला नाही. घरी गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. गुरुवारी आयोनी गेली तर बाटल्या घड्याळामागे तशाच. शुक्रवारी तशाच. तो म्हणाला, हात थरथरतो, थेंब गालावर पडतो. तिने घालू का विचारलं तर म्हणाला, बघू. तिला कळत होतं, हात थरथरणं खरंच होतं, पण ते कारण नव्हतं. दिवसातून दोनदा डोकं मागे टाकून दुसऱ्यासमोर डोळा उघडायचा म्हणजे गावाला कळणार. आणि गावाला कळलं म्हणजे एग्बर्टला कळलं. सिक्स-लव्ह देणारा माणूस आंधळा होतोय, हे एग्बर्टच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आंधळं झालेलं बरं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं होतं. पुरुषांच्या डोक्यात असलं काही शिरलं की ते बाहेर काढायला देवालाही चिमटा लागतो.

रविवार आला. आयोनी टपरीत माशावर घालायला कांदा आणि स्कॉच बॉनेट मिरची चिरत होती. टेबलाशी एग्बर्ट आणि डंकन येऊन बसले होते. गेल्या रविवारी ओबी आला नव्हता, आणि एग्बर्टने चारचौघांत सांगितलं होतं की तो घाबरला. आज मात्र एग्बर्ट सोंगट्या उगाच इकडून तिकडे ढकलत होता. ज्याच्याशी भांडायचं तोच नसला की रविवारला चव राहत नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण कोणी म्हणालं असतं तर तो चावला असता.

ओबी आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात हात. टेबलावरून सरळ टपरीपाशी आला आणि खिशातला हात बाहेर काढला. हातात बाटली होती. सील फोडलेलं.

"घाल," तो आयोनीला हळूच म्हणाला. "पटकन घाल. मग खेळू."

आयोनीने हात पुढे केले आणि तिथेच थांबली. दहाही बोटांना मिरचीचा रस लागलेला. या मिरचीचा हात डोळ्याला लागला तर माणूस समुद्रापर्यंत धावत जातो. साबणाने दोनदा धुतला तरी संध्याकाळपर्यंत उतरत नाही. हे सगळा किनारा जाणतो, ओबीही जाणत होता. दोघं तिच्या बोटांकडे बघत उभी राहिली. उद्यावर टाकलं तर हा उद्या नाही म्हणेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"काय कुजबुज चाललीय?" टेबलावरून एग्बर्टने विचारलं. "खुणा ठरवताय का? आता बहिणीच्या मदतीशिवाय जमत नाही वाटतं."

ओबी वळला. आयोनीला वाटलं, गेला, आता बाटली खिशात जाणार. पण ओबी टेबलापाशी गेला आणि बाटली फळीवर ठेवली. ठेवली कसली, आपटली. डबल सिक्स आपटावा तशी.

"काचबिंदू," तो म्हणाला. "डावीकडचं दिसत नाही मला. त्या दिवशी पंजा दिसला नाही. ऊन नव्हतं, चोरी नव्हती, डुलकीही नव्हती. हे थेंब घातले तर उरलंय ते राहतं. माझा हात थरथरतो, हिच्या हाताला मिरची आहे. आता हस काय हसायचं ते."

एग्बर्ट हसला नाही. त्याने बाटली उचलली, हात लांब करून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, झाडाचं चित्र बघितलं. मग उठला आणि टपरीमागच्या नळाशी गेला. आयोनीने बघितलं, तो हात धूत होता. साबण लावून, कोपरापर्यंत, एकदा, दोनदा. शर्टाच्या आतल्या बाजूला पुसून परत आला.

"बस. डोकं मागे. उघड डोळा," तो म्हणाला. "अकरा वर्षं वाट बघतोय तुझ्या डोळ्यांत काहीतरी घालायची."

"एकच थेंब," ओबी म्हणाला.

"मोजता येतं मला. हलू नकोस." एग्बर्टने त्याची पापणी अंगठ्याने धरली. मासळी धरून खरबरीत झालेला तो हात इतका हलका पडला की डंकनसुद्धा पुढे वाकला. "आणि ऐक. मला तू आंधळा नको आहेस. आंधळ्याला सिक्स-लव्ह दिला तर लोक काय म्हणतील? तुला सगळं दिसत असताना मला तो द्यायचाय. त्यासाठी रोज घालावे लागले तरी घालीन. दुसरा उघड."

थेंब पडला. ओबीच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि त्यात थेंब किती आणि काय किती हे कोणी विचारलं नाही. आयोनी कांद्यावर जरा जास्तच वाकली.

मग डंकन बोलला. "फेब्रुवारीत मी हात पुढे केला होता," तो म्हणाला, "तेही दिसलं नव्हतं?"

"नव्हतं रे," ओबी म्हणाला आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला. डंकनने तो असा हलवला की खांदा निखळायचा बाकी राहिला.

त्या दिवशी ओबी वेगळा खेळला. प्रत्येक पाळीला मान सावकाश पूर्ण डावीकडे वळवायची, टोक बघायचं, मग पूर्ण उजवीकडे. एग्बर्ट म्हणाला, पेलिकन बसलाय समोर, मासा शोधतोय. टेबलाभोवतीची माणसं प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर माना वळवायला लागली, डावीकडे, उजवीकडे, आणि हसून हसून एकमेकांवर पडायला लागली. ओबी सगळ्यांत जास्त हसत होता. दोन वर्षांत तो लपवण्यात किती दमला होता, ते आयोनीला तेव्हा कळलं.

पहिला डाव मारला. दुसरा मारला. पाचवा झाला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि बर्फातल्या बाटल्यांकडे बघायची आयोनीची हिंमत होत नव्हती.

सहाव्या डावात उजव्या टोकाला चौवा होता. ओबीच्या हातात एकच सोंगटी. त्याने मान उजवीकडे नेली, बघितलं, आणि परत फिरवली. सगळ्यांच्या माना फिरल्या. डावीकडे, आणखी डावीकडे, अगदी खांद्यापर्यंत. तिथे पंजा होता.

ओबीने मान तिथेच ठेवली. सोंगटी उचलून डोक्यावर नेली आणि अशी आपटली की फळीवरच्या बाकीच्या सोंगट्या जागेवरून उठल्या.

गावाने जो आरडाओरडा केला त्याने पेलिकन उडाले ते दुसऱ्या दिवशी परतले. डंकन आल्याच्या बिअरची बाटली उघडून बहीण-भावाच्या हातात देत होता, जणू तोच जिंकला होता. एग्बर्ट खुर्चीवर मागे रेलून डोळे मिटून बसला होता.

"माझ्याच हाताने," तो म्हणाला. "माझ्याच हाताने घातले थेंब. दोन्ही डोळ्यांत." मग उठला, टोपी घातली आणि जाता जाता म्हणाला की उद्यापासून ज्याचे डोळे त्याने बघून घ्यावेत, आपला संबंध संपला.

सोमवारी सकाळी आयोनी टपरी उघडत होती. सात वाजायला आले होते. रस्त्याने एग्बर्ट इबँक्स ओबीच्या घराकडे चालला होता. दोन्ही हात पुढे धरून, बोटं पसरून, कशालाही लागू न देता. हातांवरून अजून साबणाचं पाणी गळत होतं.

ओबी दारात उभा होता. त्याने मान सावकाश डावीकडे वळवली, एग्बर्टला बघितलं, आणि एक हात उघडून दुसऱ्याचा अंगठा वर केला.

"दाखव, दाखव," एग्बर्ट म्हणाला. "आणि डोकं मागे कर."